दुसरं काडतूस

पहिली गोळी सुटायची, दुसरी वर यायची नाही. आमच्या घरातल्या रायफलीचं सगळं दुखणं एवढ्यात सांगून होतं. ऐंशीच्या दशकातला एक अख्खा हिवाळा मी आणि माझे सासरे त्या दुखण्याच्या मागे लागलो होतो. शेवटी ते सापडलं, तेव्हा मी ते गिळून टाकलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगायला हरकत नाही, कारण ज्यांना सांगायला हवं होतं ते ऐकायला उरले नाहीत.

सासरे पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये बंदूकवाले होते. कापसाचा हंगाम सुरू झाला की बँकेतून जिनिंगपर्यंत येणाऱ्या रोकडीसोबत चालायचं आणि मालाचं माप चालू असेपर्यंत खिडकीशी बसून राहायचं, एवढंच काम. ज्याची स्वतःची बंदूक आणि स्वतःचं लायसन, त्यालाच ते मिळायचं. वीसेक वर्षांत त्यांनी माणूस सोडा, कुत्र्यावरही गोळी झाडली नव्हती. पण गुजरीच्या बाजारापासून स्टेशनापर्यंत त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. बंदूकवाले म्हटलं की तेच. माझा नवरा तिगावच्या शाळेत मास्तर होता, सकाळच्या पॅसेंजरनं जायचा आणि संध्याकाळी यायचा. त्याच्या पगारात घर नीट चाललं असतं. म्हणजे हे काम पोटासाठी नव्हतं. ते गेलं असतं तर सासऱ्यांकडे स्वतःचं म्हणावं असं काही राहिलं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

रायफल त्यांनी बोरगावच्या एका म्हाताऱ्या संत्र्याच्या बागवाल्याकडून रीतसर घेतली होती. बाकी बागवाल्यांकडे मोडून भरायच्या दोननळ्या असत, डुकरं हाकलायला. ही त्यातली नव्हती. हिच्या चापाभोवती चार बोटं जातील एवढी लोखंडी कडी होती. कडी खाली ओढली की झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी उडून बाहेर पडायची, आणि वर घेतली की नवं काडतूस जागेवर जाऊन बसायचं. पहिलं काडतूस ते बोटानं थेट मोठ्या नळीत सारायचे, बाकीची भरायची बाजूच्या एका लहान झडपेतून. आत ती मोठ्या नळीखालच्या बारीक नळीत एकामागे एक रांगेत राहायची, आणि स्प्रिंग त्यांना मागे रेटायची. रांगेतलं एक काडतूस मागे येऊन एका छोट्या पोलादी पट्टीवर पडायचं, आणि कडी ओढली की पट्टी त्याला उचलून वर न्यायची. त्या पट्टीला सासरे पाळणा म्हणायचे. कडीचा आवाजही ठरलेला होता. खाली टक, वर टक. मी लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांनी अंगणात मला तो ऐकवला होता, एखाद्यानं आपली म्हैस दाखवावी तसा.

मी आल्यावर वर्षाच्या आत सासूबाई गेल्या. ऐन श्रावणात ताप आला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. गल्लीतल्या बायकांना तेवढं पुरे झालं. सुनेचा पायगुण, सुनेचा पायगुण, असं नळावर माझ्या पाठीमागे चालायचं. मी काही मुळूमुळू रडणारी नव्हते. एकीला मी तोंडावर म्हटलंसुद्धा, की पायगुण एवढा चालत असता तर तुमच्या दारावरूनही चार चकरा मारल्या असत्या. पण तोंडानं उत्तर देणं वेगळं आणि मनातून ते काढून टाकणं वेगळं. पाण्याची घागर घेऊन घरात शिरताना मी उंबऱ्यावर आधी उजवा पाय पडतोय ना, हे पाहायची. दोन-अडीच महिन्यांची गरोदर होते, आणि या वेळी काही वाईट होऊ नये, निदान माझ्यामुळे होऊ नये, एवढंच डोक्यात असायचं.

दसऱ्याला शस्त्राची पूजा करायची आमच्याकडे पद्धत. ती सासूबाई करायच्या. आदल्या दसऱ्याला मी माहेरी सौंसरला होते, त्यामुळे त्या कशी करतात ते मी पाहिलेलंच नव्हतं. सासरे आपट्याची पानं आणायला गेले होते. मी पाट मांडला, रांगोळी घातली, रायफल आडवी ठेवली, झेंडूची माळ घातली, दस्त्याला हळदकुंकवाची बोटं लावली. माझी आई दसऱ्याला जात्याची पूजा करायची तेव्हा त्याच्या तोंडात कुंकवाच्या अक्षता टाकायची. ज्याचं तोंड त्याला घास, उपाशी पूजा करू नये, असं तिचं म्हणणं. मला वाटलं, हिलाही तोंड आहे. मी बाजूची झडप बोटानं दाबली, चिमूटभर ओल्या अक्षता आत सोडल्या आणि मनापासून हात जोडले, की यांचा हंगाम नीट जाऊ दे. सासरे आले, त्यांनी नमस्कार केला, रायफल उचलली. चार दाणे पाटावर पडले. ते मी वेचून तुळशीत टाकले आणि विसरून गेले.

कोजागिरीनंतर जिनिंगमधून निरोप आला. या वर्षी रोकडीचा विमा उतरवायचा होता, आणि विम्याचे साहेब म्हणत होते की बंदूकवाला आपल्या बंदुकीतून लागोपाठ पाच गोळ्या झाडून दाखवील तरच त्याचं नाव कागदावर चढेल. दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी, जिनिंगच्या आवारातच. सासऱ्यांना यात काही वावगं वाटलं नाही. उलट ते खूश झाले.

"बरं हाय नं," ते म्हणाले. "वीस वर्सं नुसता खांद्यावर घेऊन फिरून राहिलो. एकदा तरी लोकं पाहतीन."

त्यांच्याकडे काडतुसं होती सहा. परदेशी बनावटीची, आणि ती येणं कधीचंच बंद झालं होतं. हिच्या मापाची दुसरी कुठे मिळतही नव्हती. एक खर्चून पाहू म्हणून ते सगळी सहा घेऊन एका सकाळी नाल्याच्या काठी गेले. गेल्या हंगामाआधी त्यांनी दोन झाडून पाहिली होती आणि दोन्ही बिनबोभाट सुटली होती. या वेळी पहिली सुटली. कडी ओढली, पुंगळी उडाली, आणि कडी परत वर नेताना अर्ध्यावर थांबली. दुसरं काडतूस पाळण्याच्या तोंडाशी अडलं होतं, अर्धं खालच्या नळीत, अर्धं बाहेर.  घरी आल्यावर जेवताना त्यांनी दोनदा पाणी मागितलं, आणि दोन्ही वेळा पेला भरलेलाच होता.

पांढुर्ण्याचं सगळं काही नागपूरला चालतं. दुखलं खुपलं की नागपूर, लग्नाचा बस्ता नागपूर, घड्याळाची काच फुटली तरी नागपूर. बंदूक उघडून दुरुस्त करणारा माणूसही तिथेच होता, गाडीनं अडीच तासांवर. पण लायसनवर लिहिलेलं होतं, फक्त मध्यप्रदेश. नागपूर मात्र महाराष्ट्रात. रायफल घेऊन तिथे उतरलं की सासरे गुन्हेगार. आपल्या राज्यातला कारागीर जबलपूरला, आणि त्याच्याकडे टाकलेली बंदूक दोन-तीन महिने परत येत नसे. तोवर तारीख निघून गेली असती. घरी उघडावी, तर बाजूच्या स्क्रूंची डोकी बागवाल्याच्या काळापासूनच घासून सपाट झालेली होती. पेचकस नुसता गरगर फिरायचा.

"उघडाचं नाही," सासऱ्यांनी ठरवून टाकलं. "बाहेरूनच पाहू. दवाखान्यात काय, सगळ्यायचं पोट फाडते काय?"

मग आमच्या दुपारी सुरू झाल्या. आमच्या म्हणते, कारण त्यांची नजर जवळचं बघायला कमी पडायची आणि माझी बोटं बारीक होती. नवऱ्याला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. तो म्हणायचा, "बाबा, सोडा आता. लय झालं." पण तो दिवसभर तिगावला असायचा आणि दुपार आमच्या हातात असायची. अंगणात जुनं धोतर अंथरून त्यावर रायफल ठेवायची, रिकामी आहे हे त्यांनी तीनदा पाहायचं, मला तीनदा दाखवायचं, आणि मग हात लावायचा. खरी काडतुसं अंगणात आणायची नाहीत, हा त्यांचा नियम. ती डब्यात, डबा पेटीत, पेटीची किल्ली जानव्याला.

पहिला संशय तेलावर आला. ते नळीला खोबरेल लावायचे, घरात तेच असायचं म्हणून. थंडी पडली की खोबरेल गोठतं, बाटली चुलीजवळ ठेवावी लागते, हे मला न्हाणीतून माहीत होतं. मी तसं म्हटल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले.

"हे तर माया ध्यानातच नाही आलं," ते म्हणाले.

खालची नळी समोरून खोलता यायची. त्यांनी स्प्रिंग बाहेर काढली, मी रॉकेलमध्ये चिंधी भिजवून नळी आतून पुसली, आणि मग झडपेतून थोडं रॉकेल सोडून रायफल उलटी धरली. खाली ठेवलेल्या परातीत जे पडलं त्यात काळी घाण होती, कापसाचे तंतू होते आणि एक लालसर झाक होती.

"गंज हाय," सासरे म्हणाले. "आतून गंजून राहिली बिचारी."

मीही म्हटलं, गंजच. लाल पाणी दिसलं तर माणूस दुसरं काय म्हणेल. आज वाटतं, माझ्या घरात लाल रंगाची एवढी एकच गोष्ट होती, आणि ती मी रोज सकाळी आरशात बघून कपाळाला लावत होते. पण त्या दिवशी मी परात राखेनं घासून पालथी घातली आणि भाकरी टाकायला उठले.

खोबरेल गेलं आणि त्याच्या जागी माझ्या शिवणयंत्राचं तेल आलं. मग स्प्रिंगवर संशय आला. ती दमली असेल म्हणून त्यांनी ती दोन दिवस ताणून ठेवली, एक टोक खुंटीला आणि एक जात्याच्या खुंट्याला बांधून. नळीला पोचा पडला असेल म्हणून मी तिच्यावरून बोटं फिरवली, वर-खाली, डोळे मिटून. पोचा नव्हता. झडपेतून उन्हाची तिरीप आरशानं आत पाडून मी पाहिलं, तर आत सगळं एकाच रंगाचं होतं, तेलकट तपकिरी. कडी मात्र आता खाली टक आणि वर ठप अशी वाजायची. रिकामी असतानासुद्धा. सासरे मान कलती करून ऐकायचे आणि म्हणायचे, "नाही. हा तिचा आवाज नाही."

खरं सांगते, त्या घरात मी सगळ्यात सुखी होते ती त्या दुपारी. सासरे मला सासूबाईंच्या गोष्टी सांगायचे, त्या रायफलीला सवत म्हणायच्या ते सांगायचे. मला काही कळतं असं मानून माझं मत विचारणारा त्या घरातला तो पहिला माणूस. नळावरच्या बायका काय म्हणतात ते त्यांच्या कानावर गेलं होतं. एकदा चिंधी पिळता पिळता ते नुसतं एवढंच बोलले, "बाई, लोकायचं नको ऐकत जाऊ. तू आल्यावरच मले कोणी बोलाले भेटलं." मी मान खाली घालून स्प्रिंग पुसत राहिले. डोळे भरून आले होते आणि ते दाखवायचे नव्हते.

आता झालेली दुरुस्ती तपासायची कशी, हा प्रश्न होता. उरलेली काडतुसं पाच, आणि परीक्षेच्या गोळ्याही पाच. त्यातल्या एकाच्या नाकाला नाल्यावर अडकताना चेप आला होता, तो त्यांनी कसाबसा सरळ केला होता. नुसती आतबाहेर ओढून पाहिली तरी गोळी पुंगळीत सैल होते, असं ते म्हणत. म्हणून लाकडाची खोटी काडतुसं करायचं ठरलं. भाऊबीजेला मी सौंसरला जाणारच होते. तिथे आमच्या गल्लीत एक खरादी होता, लाटणी आणि बाळांच्या पाळण्याचे खांब करणारा. सासऱ्यांनी मला रिकामी पुंगळी दिली आणि भरलेल्या काडतुसाची लांबी-जाडी दोऱ्याला गाठी मारून दिली. मी ते सगळं कुंकवाच्या डबीसोबत पिशवीत ठेवून नेलं.

खराद्यानं संत्र्याच्या वाळलेल्या लाकडाची पाच काडतुसं उतरवली. पुंगळीशी ताडून पाहिली, दोऱ्याशी पाहिली, बरोबर होती. पण लाकूड जरा खरखरीत राहिलं होतं, आणि मला वाटलं, एवढं करतोच आहोत तर छान होऊ दे. मीच म्हटलं, "भाऊ, जरा गुळगुळीत करून द्या नं." त्यानं ती पुन्हा खरादावर चढवली, काचकागद लावला, मेण लावलं. काय सुरेख चमकत होती. मुलांच्या हातात द्यावीत अशी.

आणि ती चालली. सासऱ्यांनी पाचही झडपेतून भरली, कडी ओढली, वर नेली, ओढली, वर नेली. पाचही एकामागे एक वर आली आणि उडून धोतरावर पडली. वरचा आवाज अजून पूर्ण टक नव्हता, पण लाकूड आहे म्हणून तसं होत असेल, असं आम्ही दोघांनी एकमेकांना समजावलं. त्यांनी पन्नास वेळा तरी ती चालवली असतील. संध्याकाळी नवरा आला तर त्यालाही बसवून दाखवली. आंधळा मागतो एक डोळा तसं झालं होतं. आम्ही काही विचारायच्या मनःस्थितीतच नव्हतो. काचकागदानं लाकूड केसभर बारीक झालेलं असेल, आणि जिथून बारीक जातं तिथे जाडं अडू शकतं, एवढं साधं कुणालाही सुचलं नाही. मी रोज पीठ चाळत होते, तरी मला सुचलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सासरे म्हणाले, "तू बी चाल. मेहनत तुयी बी हाय." सून सासऱ्यासोबत जिनिंगमध्ये जाते, हे गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं. मी डोक्यावरून पदर घेतला आणि गेले. त्यांनी मला मापाच्या शेडखाली, कापूस निवडणाऱ्या बायकांजवळ बसवलं. मागच्या भिंतीला मातीनं भरलेली पोती रचली होती. विम्याचे साहेब होते, जिनिंगचे मॅनेजर होते, ठाण्यातला एक शिपाई होता, आणि हातातलं काम टाकून आलेले वीसेक लोक. सासऱ्यांनी धुतलेलं धोतर आणि काळा कोट घातला होता. त्यांनी खिशातून ती लाकडाची काडतुसं काढून साहेबांना दाखवली, आम्ही तपासणी कशी केली ते हिंदीत समजावून सांगितलं, आणि शेडकडे बोट करून म्हणाले, "हमारी बहू ने बनवाके लाये." साहेब माझ्याकडे बघून हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण आनंदानं.

पहिली गोळी सुटली. माती उडाली, बायकांनी कानांवर हात ठेवले. कडी खाली, टक. कडी वर, आणि अर्ध्यावर थांबली.

 मग नळी पोत्यांकडेच ठेवून, नियमाप्रमाणे, त्यांनी कडी पुन्हा खाली ओढली आणि बोटानं काडतूस मागे सरकवायला लागले. पुन्हा वर, पुन्हा अडली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला कुणावर तरी चिडता आलं असतं. साहेब म्हणाले, "आराम से, बाबूजी, फिर से कीजिए." तिसऱ्या वेळी सासऱ्यांची बोटं थरथरायला लागली. लांबूनही दिसत होतं. चौथ्या वेळी शिपायानं पुढे होऊन ती चार काडतुसं बाहेर काढायला मदत केली.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं न्यायच करायचा म्हणून ती लाकडाची काडतुसं मागितली, स्वतः झडपेतून भरली आणि कडी ओढली. पाचही सुळकन वर आली आणि सुळकन बाहेर पडली. त्यानं ती पुन्हा भरली, पुन्हा तेच झालं. मग तो मॅनेजरकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "हथियार तो ठीक है. इनके हाथ अब नहीं रहे. कडी पूरी नहीं खींचते." मॅनेजरनं सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, लय वर्सं केलं तुम्ही. आता आराम करा," तो म्हणाला. तेवढ्यात सगळं संपलं. लाकडाची पाचही काडतुसं साहेबांनी सासऱ्यांच्या हातात परत दिली, आणि ती त्यांनी मोजल्यासारखी एकेक करून कोटाच्या खिशात घातली.

घरी येताना ते माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. मध्येच थांबले, उजवा हात वर करून उलटा-सुलटा पाहिला आणि पुन्हा चालायला लागले.

त्यानंतर घरात तो हात आला. म्हणजे पूर्वीही होताच, पण आता त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जायचं. ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. दाढी स्वतः करायचे ती सोडली, न्हाव्याकडे जाऊ लागले. कंदिलाची काच पुसायला त्यांनी मला दिली, म्हणाले, फुटंल. हात थरथरत नव्हता. मी पाहत होते ना, मुळीच थरथरत नव्हता. पण साहेबानं वीसजणांसमोर निदान केलं होतं आणि पुरावा आम्हीच नेऊन दिला होता, मेण लावून.

पौषात त्यांनी ठरवलं की रायफल ठाण्यात जमा करून टाकायची. "ज्याच्या हातानं चालत नाही, त्यानं घरात काऊन ठेवावं?" असं म्हणाले. जमा करायच्या दिवशी सकाळी त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. रिकामी आहे हे तीनदा पाहिलं, मला तीनदा दाखवलं, आणि म्हणाले, "तूच पूस. माया हातानं पुसाची नाही आता." आणि आत जाऊन खाटेवर आडवे झाले.

मी अंगणात उन्हाला बसले. चिंधी आत जाईना म्हणून केसातला आकडा काढून त्याला चिंधी गुंडाळली आणि कडी उघडून पाळण्याच्या खालच्या खोबणीत फिरवली. काहीतरी अडलं. आकडा जरा जोरात ओढला तर चिंधीला चिकटून एक तपकिरी खडा बाहेर आला. मी तो नखानं खरवडला. वरचं तेल निघालं, आणि आतून लाल निघाला. तांदळाचा दाणा होता. अख्खा, कुंकवाचा.

मला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. एका क्षणात सगळं मागे वाचता आलं. परातीतला लाल रंग, ठप वाजणारी कडी, दाण्यापुरता उचललेला पाळणा, त्यावरून सुळकन जाणारं बारीक लाकूड आणि त्याला अडणारं खरं काडतूस. जिनिंगमधलं सगळं. मी कडी मिटवली.

टक.

खाटेवरून आवाज आला, "काय वाजलं, बाई?"

मी दाणा मुठीत मिटला.

"अजून एकदा ओढ बरं."

मी ओढली. खाली टक, वर टक. त्यांनी मला लग्नाच्या वर्षी ऐकवला होता तोच आवाज.  मला उठून आत जायचं होतं, तळहात उघडायचा होता आणि म्हणायचं होतं, मामाजी, दोष तुमच्या हातांचा नाही, हे पाहा, हे मी केलं. चार पावलं होती. पण मला नळ दिसला, नळावरच्या बायका दिसल्या, श्रावण दिसला, आणि पोटातलं मूल हललं. आधी सासूबाई, मग यांची बंदूक. पायगुण म्हणतात तो हाच, असं आता मलाच वाटायला लागलं होतं. मी भ्याले. याला दुसरा शब्द नाही.

"तुया हातानं बराबर वाजते," ते आतून म्हणाले. अगदी शांतपणे. "म्हणजे तिचं काई चुकत नोतं."

अक्षता पायदळी पडू देऊ नये, असं आई म्हणायची. मी तो दाणा तोंडात टाकला. रॉकेल आणि शिवणयंत्राचं तेल. गिळला, आणि आकडा परत केसात खोवला. दुपारी ते आणि माझा नवरा रायफल जमा करून आले. लाकडाची काडतुसं मात्र ठाण्यात घेतली नाहीत. ती सासऱ्यांनी उशीखाली ठेवली.

चैत्रात मला मुलगी झाली. सव्वा महिन्यानं मी सौंसरहून परत आले तेव्हा सासरे ओसरीवर बसले होते, नवं धोतर नेसून. सकाळपासून दोनदा स्टेशनावर जाऊन आल्याचं शेजारीण म्हणाली. मी वाकून नमस्कार केला आणि पोरगी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, अगदी पोटभर पाहिलं, तोंड सगळं हसलं. मग दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि त्यांवर बसून राहिले.

"खाटेवर ठेव तिले," ते म्हणाले. "मी पाहतो इथूनच. माया हाताचा भरोसा नाही, बाई."

ते त्यानंतर पाच वर्षं जगले. ती त्यांच्या अंगावर चढायची, मानेला लटकायची, त्यांच्या उशीखालची लाकडाची काडतुसं घेऊन खेळायची. त्यांनी तिला स्वतः होऊन एकदाही उचललं नाही.